पेन्सिलची खूण

आमच्या घरातील काचेच्या कपाटात एका लाँगप्ले रेकॉर्डचे रिकामे कव्हर ठेवलेले आहे. घरी येणारे पाहुणे ते कुतूहलाने बाहेर काढतात, आत बोटे घालून पाहतात आणि मग आमच्याकडे प्रश्नार्थक नजरेने बघतात. जुन्या रेकॉर्डींची खरेदी-विक्री करणाऱ्या माणसाच्या घरी रिकामे कव्हर कशासाठी, असा त्या नजरेचा अर्थ असतो. आजवर आम्ही हा प्रश्न हसण्यावारी नेला. आता वयाची सत्तरी जवळ आली आहे. काही हिशेब वेळेवर लिहून ठेवलेले बरे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे बाबा रेल्वेच्या कारखान्यात कामाला होते. पहाटेची लोकल पकडून वसईहून मुंबईला जायचे आणि दिवेलागणीनंतर परतायचे, हा त्यांचा नित्यक्रम. 1970 साली नाताळपूर्वी त्यांच्या हाती थोडी जादा रक्कम आली आणि त्या संध्याकाळी ते एचएमव्ही कंपनीचा ‘फिएस्टा’ रेकॉर्ड प्लेअर घेऊन घरी आले. गर्दीच्या लोकलमध्ये संपूर्ण प्रवासभर त्यांनी तो तान्ह्या मुलासारखा मांडीवर धरला होता. सोबत तीन रेकॉर्डी होत्या. त्यांतील एक होती जिम रीव्हज या अमेरिकन गायकाची नाताळगीतांची लाँगप्ले. 1963 साली निघालेली ही रेकॉर्ड त्या काळी आपल्या समाजातील कितीतरी घरांत वाजत असे. गायक स्वतः 1964 साली विमान अपघातात गेला, हे आम्हांस पुष्कळ वर्षांनी कळले. आमच्या घरी मात्र तो दरवर्षी डिसेंबरमध्ये न चुकता हजर असे.

मध्यरात्रीच्या मिस्सेला निघण्यापूर्वी बाबा ती रेकॉर्ड लावीत. आई स्वयंपाकघरात वड्यांचे पीठ झाकून ठेवी, आम्ही भावंडे नवे बूट घालून ओटीवर बसत असू. एके वर्षी आमच्याच हातून सुईचा दांडा घसरला आणि तबकडीवर आडवा ओरखडा उमटला. बाबा रागावले नाहीत. त्यांनी सुईच्या डोक्यावर चार आण्यांचे नाणे ठेवून पाहिले. तरीही ओरखड्याजवळ आली की सुई अडखळे आणि एकच शब्द तीन वेळा उमटे. पुढे पुढे आम्हीही ते गाणे म्हणताना तो शब्द तीनदा म्हणू लागलो. चर्चमध्ये गायकवृंदाबरोबर गाताना एकदा ती सवय नडली आणि आजूबाजूची माणसे वळून पाहू लागली, तेव्हा बाबा खाली मान घालून हसत होते.

बाबा 1986 मध्ये गेले. तोवर कॅसेटचे युग आले होते. 1993 साली आम्ही कौलारू घर पाडून पक्के घर बांधावयास काढले. पोटमाळा रिकामा करताना रेकॉर्डींची पेटी खाली आली. सुमारे चाळीस रेकॉर्डी असाव्यात. प्लेअर बिघडलेला, रेकॉर्डींवर बुरशी चढलेली, आणि दारात भंगारवाला उभा. आम्ही त्यास पेटीसकट सारे पन्नास रुपयांत देऊन टाकले. आई जवळच उभी होती. ती काही बोलली नाही. पुढे 2003 साली ती गेल्यावर तिचे कपाट आवरताना साड्यांच्या तळाशी नाताळगीतांच्या त्या रेकॉर्डचे कव्हर सापडले. भंगारवाल्याची पाठ वळण्यापूर्वी तिने ते केव्हातरी काढून घेतले असावे. कव्हरच हाती लागले असेल, रेकॉर्ड दुसऱ्याच कव्हरात गेलेली असेल. दहा वर्षे ती त्याविषयी आमच्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

आमच्या या व्यवसायाचा आरंभ मात्र त्याआधी झाला होता. घर बांधून झाले, डिसेंबर आला आणि घरात काहीतरी कमी आहे असे वाटू लागले. तीच रेकॉर्ड पुन्हा विकत घ्यावी म्हणून आम्ही मुंबईस चोरबाजारात गेलो. शुक्रवारी तेथील मटन स्ट्रीटवरील दुकाने बंद असतात; परंतु पहाटेपासून रस्त्यावर पथाऱ्या पसरतात. जुने कंदील, घड्याळांची यंत्रे, तुटके कॅमेरे आणि त्यांत मधूनच रेकॉर्डींचे ढीग. आम्हांस हवी असलेली रेकॉर्ड पहिल्याच फेरीत मिळाली, तीही अत्यल्प किमतीत. घरी आणून लावली. स्वच्छ वाजली. कोठेही अडखळली नाही. ओरखड्याची जागा आली तेव्हा आम्ही सवयीने तो शब्द तीनदा म्हटला. गायक एकदाच म्हणून पुढे निघून गेला. त्या दिवसापासून आम्ही दर महिन्यास चोरबाजारात जाऊ लागलो. काय शोधतो आहोत, हे त्या वेळी आम्हांसच नीट उमगले नव्हते.

तेथील जुन्या व्यापाऱ्यांनी आम्हांस हा धंदा शिकविला. रेकॉर्ड कडेने धरावी, खोबणीस बोट लावू नये. ती उजेडात तिरपी करून पाहावी, म्हणजे ओरखडे दिसतात. नखाला लागणारा ओरखडा ऐकू येतो, नुसत्या डोळ्याला दिसणारा बहुधा येत नाही. रेकॉर्डी उभ्या ठेवाव्यात, आडव्या रचल्यास वजनाने वाकतात. गाणी संपल्यावर मध्यभागी जो गुळगुळीत भाग उरतो, तेथे बारीक अक्षरांत आकडे कोरलेले असतात. कव्हर बदलता येते, कागदी चकतीही फसवू शकते, पण ते आकडे खोटे बोलत नाहीत. रेकॉर्ड कोणत्या साच्यातून आली ते त्यांवरून ओळखता येते. एचएमव्हीच्या अनेक जुन्या भारतीय लाँगप्लेवर ‘ईसीएलपी’ ही अक्षरे असली तर मोनो आणि ‘ईसीएसडी’ असली तर स्टिरिओ, हेही आम्ही तेथेच शिकलो.

रेकॉर्डींची प्रतवारी ही एक स्वतंत्र विद्याच आहे. सर्वांत वरची ‘मिंट’, म्हणजे जणू टाकसाळीतून आताच निघालेले नाणे. मग ‘निअर मिंट’, ‘व्हेरी गुड’ आणि त्याखाली ‘गुड’. ‘गुड’ म्हणजे चांगली, असे कोणाही सरळ माणसास वाटेल. या धंद्यात ‘गुड’चा अर्थ ‘खरखरते, पण वाजते’ एवढाच. कव्हर फाटलेले, चिकटपट्टी लावलेले अथवा त्यावर मालकाचे नाव लिहिलेले असल्यास प्रत आणखी खाली उतरते. ‘कव्हरवर लिखाण’ हे तीन शब्दांइतके नव्हे, दोनच शब्दांचे वर्णन. परंतु ते ऐकताच गिऱ्हाईक किंमत कमी करून मागतो. वाचकांनी हे दोन शब्द ध्यानात ठेवावेत, पुढे त्यांच्याशी काम आहे.

या तबकड्यांचा इतिहासही रंजक आहे. भारतातील गायकांचे व्यावसायिक ध्वनिमुद्रण 1902 च्या नोव्हेंबरमध्ये कोलकात्यात झाले. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले ते त्याच वेळी. त्या तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापून बोटीने इकडे आल्या. 1908 मध्ये सियालदहला कारखाना निघाला आणि पुढे दमदमचा कारखाना प्रसिद्धीस आला. आरंभीच्या मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकड्या लाखेपासून बनत. ही लाख म्हणजे झाडांवरील किड्यांचा स्राव, आणि ती प्रामुख्याने आपल्याच देशातून जाई. अशी तबकडी हातून पडली की काचेसारखी फुटे. 1948 मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने विनाइल नामक प्लास्टिकची, मिनिटाला सव्वातेहतीसहून किंचित अधिक फेरे घेणारी लाँगप्ले आणली आणि तीन-साडेतीन मिनिटांच्या जागी एका बाजूस वीसहून अधिक मिनिटांचे संगीत मावू लागले. पुढच्याच वर्षी आरसीए कंपनीने 45 फेऱ्यांची लहान तबकडी काढली.

आता दुर्मिळतेविषयी. आम्ही हा धंदा करतो असे कळल्यापासून धर्मग्रामातील ओळखीची मंडळी माळ्यावरील रेकॉर्डी घेऊन आमच्याकडे येऊ लागली. “पन्नास वर्षांची जुनी आहे, लाखभर तरी येतील ना?” असा सर्वांचा प्रश्न असतो. कव्हरमधून बहुधा ‘शोले’च्या संवादांची रेकॉर्ड निघते. ती त्या काळी इतकी खपली की अजूनही मुबलक सापडते. सबब तिला फारसा भाव नाही. जुनेपण वेगळे आणि दुर्मिळपण वेगळे. जी रेकॉर्ड घराघरांत पोहोचली ती स्वस्त. आणि जी कोणी घेतलीच नाही, दुकानदाराने कंटाळून मागे ढकलली, ती आज महाग. चरणजित सिंग यांनी 1982 साली सिंथेसायझरवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजविले. तेव्हा त्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. 2010 मध्ये ती रेकॉर्ड परदेशात पुन्हा निघाली आणि मूळ प्रतींसाठी रसिक धावू लागले. रूपा विश्वास यांच्या ‘डिस्को जॅझ’ या 1982 च्या रेकॉर्डचीही तीच कथा. 2019 मध्ये तिची नवी आवृत्ती आली, तोवर मूळ प्रती शेकडो डॉलर्सना विकल्या जात होत्या आणि गायिका मात्र घरसंसारात होती. बीटल्सची गाणी 1960 च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत विनाइलवर निघत असता आपल्याकडे ती 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवरही निघाली, कारण येथे अजून चावीचे ग्रामोफोन वापरात होते. आपल्या त्या मागासलेपणाची आज जगभरचे संग्राहक भरभक्कम किंमत मोजतात!

कधी तर अमूल्य वस्तू अगदी अनपेक्षित ठिकाणी पडून असते. गोव्याच्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांचे भैरवीतील ‘जात कहाँ हो’ 1977 साली व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण तबकडीवर अंतराळात गेले. परंतु ते निवडल्यावर रेकॉर्डच बाजारात मिळेना. अखेर न्यूयॉर्कमधील एका भारतीय कुटुंबाच्या विद्युत उपकरणांच्या दुकानात, एका खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. जी वस्तू ताऱ्यांकडे जावयाची होती ती एका खोक्यात धूळ खात होती.

अशा कथा ऐकून आमच्याही मनात लोभ शिरला, हे कबूल केले पाहिजे. 2001 मध्ये बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर आम्ही घरोघर जाऊन रेकॉर्डी विकत घेऊ लागलो. नुसती आवड होती तोवर आम्ही रेकॉर्ड ऐकून घेत असू. धंदा झाल्यावर आम्ही ती पाहून घेऊ लागलो.

2012 च्या एप्रिलमध्ये शेजारच्या धर्मग्रामातून निरोप आला. एका वृद्ध बाईंना रेकॉर्डी काढून टाकावयाच्या होत्या. त्यांचे पती मुंबईत वादक होते, ट्रम्पेट वाजवीत. हॉटेलांतून वाजविले, लग्नाच्या बँडमध्ये वाजविले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतही वाजविले. आपल्या वाचकांना हे ठाऊक असेल की, हिंदी चित्रपटसंगीतात ख्रिस्ती वादकांचा वाटा फार मोठा आहे. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकलेली मुले मुंबईस आली आणि स्टुडिओंतील व्हायोलिन, सॅक्सोफोन, ट्रम्पेट त्यांच्या हाती आले. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांना वाद्यवृंदाचा साज चढविला. अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविले. ‘अमर अकबर अँथनी’ या 1977 च्या चित्रपटातील गाण्यात त्यांचे नाव आहे ते त्यामुळेच. परंतु रेकॉर्डच्या कव्हरवर या मंडळींची नावे बहुधा नसत. संगीतकार, गीतकार, गायक यांची नावे छापली की जागा संपे. ओळीत मागे बसून ट्रम्पेट वाजविणाऱ्याची कोण दखल घेणार?

बाईंना आम्ही मावशी म्हणत असू. वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास असावे. पती वर्षापूर्वीच वारले होते आणि पावसाळ्यापूर्वी घराचे छप्पर दुरुस्त करावयाचे म्हणून माळा रिकामा करणे भाग होते. मुलगा कॅनडात होता. मावशींनी सरबत दिले आणि पेटी पुढे सरकवली. “तुझ्या बाबांना मी ओळखत होते रे. यांतलं मला काही कळत नाही. तुला योग्य वाटेल ते दे,” असे त्या म्हणाल्या.

पेटीत साठ रेकॉर्डी होत्या. आम्ही एकेक काढून पाहू लागलो. चित्रपटगीते, काही कोंकणी, काही इंग्रजी. मध्येच एका कव्हरवर आमचा हात थबकला. गोव्याचे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांच्या सात वादकांच्या संचाची ‘रागा रॉक’, 1970 सालची. भारतीय जॅझचे संग्राहक जिच्या शोधात असतात ती हीच रेकॉर्ड, आणि प्रतही उत्तम. आम्ही चेहऱ्यावर काहीही दिसू न देता ती पुन्हा ढिगात सरकवली. हे या धंद्यातील पहिले कौशल्य आहे आणि ते आम्हांस चांगले अवगत होते. मग आम्ही सर्व पेटीचे पंधराशे रुपये सांगितले. मावशींनी आभार मानले. आम्ही पैसे त्यांच्या हाती ठेवले, रिक्षा बोलाविली आणि निघालो. निघताना त्या दारापर्यंत आल्या. काही बोलावे असे त्यांच्या मनात होते, पण त्या बोलल्या नाहीत. आमचेही थांबून विचारण्याचे धैर्य झाले नाही. थांबलो तर ‘रागा रॉक’विषयी प्रश्न निघेल ही भीती.

घरी येऊन आम्ही रेकॉर्डी पुसून प्रतवारी लावली. 1970 च्या दशकातील एका गाजलेल्या हिंदी चित्रपटाच्या रेकॉर्डच्या पाठीमागे, गाण्यांच्या यादीशेजारी पेन्सिलने एक बाण काढला होता आणि पुढे एकच अक्षर लिहिले होते, ‘मी’. आम्ही वहीत नोंद केली : कव्हरवर लिखाण. पेन्सिलच ती, जाईल असे वाटून आम्ही रबर घेतला आणि घासू लागलो. कव्हरची चकाकी जाऊ लागली तेव्हा थांबलो. बाणाचे टोक पुसले गेले होते. त्या खुणेचा अर्थ काय असावा, असा प्रश्न क्षणभरही आमच्या मनात आला नाही. सोमवारी चोरबाजारातील व्यापारी येऊन अठ्ठावन्न रेकॉर्डी नऊशे रुपयांना घेऊन गेला. आम्ही दोनच ठेवल्या. गुरुवारी बंगळूरच्या एका संग्राहकाने दूरध्वनीवर ‘रागा रॉक’चे अठरा हजार रुपये देऊ केले.

ही आनंदाची बातमी आम्ही जेवताना सांगितली. आमच्या मंडळींनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मावशींना सांगितलंत?”

आम्ही त्यांना धंद्याची रीत समजावून दिली. व्यापाऱ्याचे ज्ञान फुकट मिळालेले नसते. दहा पेट्या घ्याव्यात तेव्हा एकीत काही सापडते. उरलेल्या नऊंत पैसा बुडतो. बाईंनी स्वखुशीने विकले, आम्ही स्वखुशीने घेतले. यात फसवणूक कोठे आहे? त्यांनी सारे ऐकले आणि म्हणाल्या, “व्यापाऱ्याला सांगायला नको, बरोबर. पण त्यांनी व्यापाऱ्याला बोलावलं होतं की तुमच्या बाबांच्या मुलाला?”

त्या रात्री झोप लागली नाही. आमचा युक्तिवाद खोटा नव्हता. बाजारात बाजाराच्या माणसाशी तो चालतो. परंतु मावशींनी किंमत ठरविण्याचे काम आमच्यावरच सोपविले होते. विकणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन्ही तराजू त्यांनी आमच्याच हाती दिले होते आणि आम्ही एकाच पारड्याकडे पाहिले होते.

रविवारी मिस्सा झाल्यावर आम्ही ‘रागा रॉक’ घेऊन मावशींकडे गेलो आणि झालेले सर्व सांगितले. रेकॉर्ड परत ठेवा अथवा अठरा हजार घ्या, निर्णय तुमचा, असे म्हणालो. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. मग म्हणाल्या, “अठरा हजार? मग छपराला होतील. तू विक ती. पण मला एक विचारायचं होतं. त्या दिवशीच विचारणार होते, लाज वाटली. पैसे घेतल्यावर परत कसं मागायचं? त्या सिनेमाच्या रेकॉर्डवर ह्यांनी पेन्सिलनं खूण केली होती. एका गाण्यात मध्येच ह्यांचं ट्रम्पेट येतं, थोडंसंच. मुलगा लहान होता तेव्हा त्याला दाखवायला म्हणून लिहिलं होतं. ती तेवढी मिळेल का?”

आम्ही काय उत्तर दिले ते आठवत नाही. दुसऱ्याच दिवशी चोरबाजार गाठला. व्यापाऱ्याने कपाळाला हात लावला. हिंदी चित्रपटांचा तो गठ्ठा त्याने एका सजावटकारास विकला होता. उपाहारगृहांच्या भिंतींवर खिळे ठोकून अशा तबकड्या लावतात, कव्हरे बहुधा फेकून देतात. सजावटकाराचा ठावठिकाणा लागला, पण गठ्ठा तीन ठिकाणी वाटला गेला होता. आम्ही महिनाभर हिंडलो. एका भिंतीवर त्याच चित्रपटाची तबकडी दिसलीही. पण तबकडीवरून कशी ओळखणार? खूण कव्हरवर होती, आणि तिचाही अर्धा भाग आम्हीच पुसला होता.

‘रागा रॉक’ विकली गेली. अठरा हजार मावशींच्या हाती दिले. त्यांनी हट्टाने आमचे पंधराशे परत केले. पावसाळ्यापूर्वी घरावर नवे छप्पर पडले. गावात कोणी आमच्या प्रामाणिकपणाची स्तुती केली की आम्हांस मान वर करवत नसे.

त्या वर्षीच्या नाताळच्या आठवड्यात आम्ही त्याच चित्रपटाची दुसरी प्रत घेऊन मावशींकडे गेलो. ती शोधण्यास काहीच कष्ट पडले नाहीत, शंभर रुपयांस मिळाली. गाजलेली होती ना! सोबत आम्ही दुरुस्त करून ठेवलेला एक फिएस्टाही नेला. रेकॉर्ड लावली. मावशी खुर्चीत ताठ बसून ऐकत होत्या. तिसरे गाणे सुरू झाले, अंतरा संपत आला आणि त्यांनी एक बोट वर केले. “आता,” त्या म्हणाल्या. वाद्यवृंदातून एक ट्रम्पेट निघाले, काही क्षण वर चढले आणि पुन्हा साऱ्यांत मिसळून गेले. ते गाणे आम्ही आयुष्यात किती वेळा ऐकले असेल! ते ट्रम्पेट आम्ही त्या दिवशी प्रथम ऐकले.

मावशींनी टेबलाच्या खणातून पेन्सिल काढली. “माझा हात कापतो. तूच कर खूण.” आम्ही गाण्याच्या नावाशेजारी बाण काढला आणि थांबलो. पुढे ‘मी’ कसे लिहावे? ते अक्षर लिहिणारा माणूस आता नव्हता. “काय लिहू, मावशी?” आम्ही विचारले.

त्या थोड्या लाजल्या. म्हणाल्या, “ ‘हे’ लिही.”

मावशी 2017 मध्ये गेल्या. त्यांचा मुलगा अंत्यविधीस आला होता. जाताना त्याने ती रेकॉर्ड सामानात न टाकता हातातील पिशवीतून नेली, असे शेजाऱ्यांनी सांगितले. बाजारात तिची प्रत ठरवावयाची तर ‘कव्हरवर लिखाण’ असे लिहून किंमत कमी करावी लागेल.

आम्ही धंदा सोडला नाही. रेकॉर्डींना पुन्हा बरे दिवस आले आहेत. अमेरिकेत 2022 साली 1987 नंतर प्रथमच सीडींपेक्षा विनाइलच्या तबकड्या अधिक संख्येने खपल्या. आपल्याकडेही तरुण मुले रेकॉर्डी मागत येतात. मुंबईतील काळा घोडा येथील ऱ्हिदम हाउस 2016 मध्ये बंद झाले तेव्हा हळहळणाऱ्यांत तीही होती. परंतु आम्ही काही नियम स्वतःस घालून घेतले आहेत. कोणाच्या घरी पेटी पाहावयास गेलो तर सोबत प्लेअर नेतो. पेटीत किमती वस्तू असल्यास प्रथम तीच बाहेर काढतो आणि तिचा बाजारभाव सांगतो. आमची कमाई किती राहील तेही सांगतो. आणि पैसे देण्यापूर्वी म्हणतो, “यांतली कोणती ठेवून घ्यायची ती आधी काढा. लाजू नका.” यामुळे आमचा नफा कमी झाला, हे खरे आहे. घरे मात्र वाढली. एका घरातील माणसे दुसऱ्या घराला आमचे नाव सांगतात.

वाचकांना एकच विनंती. तुमच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर ती विकण्यास आमची मुळीच हरकत नाही. आमचे पोटच त्यावर आहे. परंतु विकण्यापूर्वी ती एकदा खाली आणा, घरातील वृद्ध माणसास जवळ बसवा आणि एकेक कव्हर उलटून पाहा. कोठे पेन्सिलची खूण आहे, कोणाचे नाव आहे, कोणत्या शब्दावर सुई अडखळते, ते विचारून घ्या. ते सांगणारे माणूस उद्या असेलच असे नाही.

आमच्या आईला आम्ही कधी विचारले नाही. जिम रीव्हजच्या त्या रेकॉर्डच्या आजवर चार प्रती आम्ही विकत घेतल्या. चारही स्वच्छ वाजतात. त्यांतील एखादी त्या रिकाम्या कव्हरात घालून ठेवावी असे अनेकदा मनात आले. पण ते कव्हर आम्ही तसेच रिकामे ठेवले आहे. नाताळच्या आदल्या रात्री मिस्सेला निघण्यापूर्वी ते काढून टेबलावर ठेवतो आणि त्या चारांपैकी एक लावतो. ती जागा आली की आम्ही तो शब्द तीनदा म्हणतो. आता आमची नातवंडेही म्हणतात. गायक पुढे निघून गेलेला असतो.